उतारावर बसायचं लॉन मशीन सारखं बंद पडतं, घसरतं: दोष कुठे शोधायचा आणि नवं घेताना काय पाहायचं

जून संपत आला की फोन सुरू होतात आणि तक्रार ठरलेली असते. सपाटीवर मशीन झकास चालतं, उतारावर गेलं की बंद पडतं. किंवा बंद पडत नाही, पण चढत नाही. किंवा चढतं, पण उतरताना मागची चाकं जागच्या जागी धरली जातात आणि मशीन गवत सोलत खाली येतं. मेकॅनिक येतो, कार्बोरेटर खोलून साफ करतो, प्लग बदलतो, फाटकापासून पोर्चपर्यंत दोन चकरा मारून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. आठवड्याभरात पुन्हा तेच.

यात मेकॅनिकची लबाडी असते असं नाही. दोष दिसतो उतारावर आणि तपासणी होते सपाटीवर. त्यामुळे मशीन प्रत्येक वेळी पास होतं.

साताऱ्याकडे बसायची मशीन तशी मोजकीच. यवतेश्वर आणि कास रस्त्याचे बंगले, मेढ्याकडची फार्महाऊस, पाचगणी-महाबळेश्वरची रिसॉर्ट, निवासी शाळांची मैदानं. मैदानं सोडली तर बाकी सगळी जागा डोंगर कापून, ताल घालून काढलेली. आठ-दहा मीटर रुंदीचा एक टप्पा, खाली दगडी गडगा, मग पुढचा टप्पा, आणि दोन्हींना जोडणारा एक तिरका पट्टा. मशीन मात्र तयार झालेलं असतं परदेशातल्या ऐसपैस, बऱ्यापैकी सपाट आवारांसाठी. म्हणून निम्म्या तक्रारींत मशीन बिघडलेलं नसतं, त्या जागेला ते मुळात लागू नसतं. पण नवं घ्यायच्या गोष्टी करण्याआधी आहे त्याचं निदान करू. काही दोष शंभर-दोनशे रुपयांत सुटणारे असतात.

बंद पडतं, पण कसं?

पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: चावी फिरवून बंद केल्यावर थांबतं तसं झटक्यात थांबतं, की आधी गुदमरतं, खोकतं, पिकअप सोडतं आणि मग मान टाकतं? झटक्यात थांबलं तर करंट तुटला. खोकत थांबलं तर पेट्रोल तुटलं. हे एकदा कळलं की अर्धं काम झालं आणि कार्बोरेटर विनाकारण खोलायची वेळ येत नाही.

झटक्यात थांबणाऱ्या मशीनमध्ये माझा पहिला संशय सीटवर. प्रत्येक राइड-ऑन, म्हणजे बसून चालवायच्या, मोवरच्या सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा उठला किंवा पडला तर इंजिन आणि ब्लेड थांबावं म्हणून तो दिलेला असतो. उतारावर माणूस आपसूक वरच्या बाजूला झुकतो, सीटवरचा भार एका कडेला जातो, स्विच सुटतो आणि मशीन थांबतं. यवतेश्वरच्या बाजूला एका बंगल्यात हाच घोळ होता. मालक बसले की मशीन दिवसभर चालायचं, माळीकाका बसले की खालच्या पट्ट्यावर बंद. सगळ्यांनी खापर फोडलं काकांवर. ते बिचारे म्हणत राहिले, "मी काय बी केलं न्हाई साहेब, आपसूक बंद पडतंय." काकांचं वजन असेल पन्नास-बावन्न किलो, मालक नव्वदीचे. सीटचा फोम बसलेला, स्विचची स्प्रिंग ताठ. सपाटीवर काकांचा भार जेमतेम पुरायचा, उतारावर झुकले की पुरायचा नाही.

याची तपासणी सपाटीवरच, धोका न पत्करता होते. मशीन सपाट जागेवर उभं करा, ब्लेड बंद ठेवा, गिअर न्यूट्रलला घ्या, इंजिन चालू करा, पार्किंग ब्रेक सोडा. आता बसल्या जागी सगळा भार आधी डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला टाका. उतारावर जो माणूस मशीन चालवतो त्यालाच बसवा, स्वतः बसू नका. इंजिन अडखळलं किंवा थांबलं तर दोष सापडला. ब्रेक लावलेला ठेवून ही तपासणी करू नका. बहुतेक मशीनमध्ये ब्रेक लावलेला आणि ब्लेड बंद असले की सीट रिकामी असली तरी इंजिन चालू राहतं, त्यामुळे काहीच कळणार नाही.

इलाज सोपा: सीट उचलून स्विचचा कनेक्टर काढा, हिरवट गंज चढला असेल तर साफ करा, फोम बसला असेल तर बदला, स्विच सैल असेल तर नवा टाका. आपल्याकडे या ठिकाणी वायरीचा तुकडा लावून स्विच कायमचा शॉर्ट करून देण्याची पद्धत आहे. "साहेब, आता कधीच बंद पडणार नाही," असं वर सांगतातही. खरंच पडत नाही. माणूस खाली पडला तरी ब्लेड फिरतच राहतं. उताराच्या जागेवर तर हा उद्योग कुणालाही करू देऊ नका. आधी कुणी केलेला असेल तर तो काढून घ्या.

झटक्यात थांबण्याचं दुसरं कारण ऑइलचा सेन्सर. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा स्विच असतो. ऑइल खुणेपेक्षा जरा कमी असेल तर सपाटीवर तो गप्प बसतो आणि इंजिन कलतं झालं की ऑइल एका बाजूला जाऊन तो बोलतो. ऑइल तपासताना मशीन सपाट हवं, हे सांगायची गरज पडू नये, पण तिरक्या पोर्चवर उभं करून काडी पाहणारे मी कितीतरी पाहिलेत.

खोकत थांबतं तेव्हा

टाकी अर्धी रिकामी असेल तर आधी ती भरा आणि मग उतारावर न्या. पुष्कळ टाक्यांत पेट्रोल खाली उतरायचं तोंड एका कडेला असतं. मशीन उलट्या बाजूला कललं की पेट्रोल त्या तोंडापासून दूर जातं. भरल्या टाकीला दोष येत नाही आणि अर्ध्या टाकीला येतो, असं असेल तर आजार नाही, ती त्या मशीनची ठेवणच आहे. उताराचं काम आधी करायचं आणि सपाटीचं शेवटी ठेवायचं, इतकं पाळलं तरी भागतं.

टाकी भरलेली असून दहा-पंधरा मिनिटांनी गुदमरत असेल तर झाकण पाहा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. त्यात धूळ आणि गवताचा चिकट लगदा बसला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. बंद पडलं की मशीन सपाटीवर लोटून घ्या, इंजिन निवू द्या आणि मग झाकण सैल करा. सूं करून हवा आत गेली आणि त्यानंतर मशीन लगेच चालू झालं, तर झाकण साफ करा नाहीतर बदला. हा दोष उताराचा वाटतो, कारण उताराचा पट्टा बहुतेक ठिकाणी त्याच वेळेला येतो. मात्र इंजिन तापलेलं असताना आणि हातात विडी असताना टाकी उघडू नका.

तिसरं कारण स्वतः पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांत तयार होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण या छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. मशीन उन्हाळ्यात शेडमध्ये उभं, टाकी अर्धी, आणि जूनमध्ये त्याच पेट्रोलवर पहिला स्टार्ट. सपाटीवर ते कसंबसं चालतं, उतारावर तळाचा थर हलून तोंडाशी येतो. म्हणून मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून ठेवा. पेट्रोल लागेल तेवढंच, ताजं आणा.

उतारावरून आल्यावर निळसर पांढरा धूर निघत असेल तर रिंग गेल्या असं ठरवून इंजिन खोलायला देऊ नका. आधी ऑइल जास्त भरलंय का ते पाहा. जास्तीचं ऑइल कलत्या इंजिनात ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरकडे जातं. फिल्टर उघडून पाहा, तो ऑइलने ओला असेल तर तेच कारण. उलट, ऑइल अगदी बरोबर असूनही सततच्या तीव्र उतारावर साध्या इंजिनाचं नुकसान होतं. स्वस्त इंजिनांत ऑइल पंपाने फिरत नाही, आतला एक चमचा ते उडवत राहतो. इंजिन फार कललं की चमच्याला ऑइल सापडत नाही. पंप आणि ऑइल फिल्टर असलेलं इंजिन हे जास्त सोसतं. मर्यादा त्यालाही असते, पण नवं मशीन घेताना हा फरक विचारायलाच हवा.

इंजिन चालू, पण चढत नाही

इथे दोन वेगळ्या तक्रारी एकत्र सांगितल्या जातात. चाकं फिरतात आणि जागेवर घसरतात, ही एक. चाकं फिरतच नाहीत, ही दुसरी.

चाकं फिरत नसतील तर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या, मशीनमध्ये मागे एक बायपासचा दांडा असतो तो पाहा. मशीन बंद असताना ढकलता यावं म्हणून तो असतो. कुणीतरी ढकलताना ओढलेला असतो आणि पूर्ण परत लोटलेला नसतो. तो ठीक असेल तर इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा, म्हणजे बेल्ट, पाहा. पावसात भिजलेला, तेलकट झालेला किंवा ढिला पडलेला पट्टा सपाटीवर काम भागवतो आणि चढावर सरकतो, रबर जळाल्याचा वास येतो. बदलताना पिठाच्या गिरणीचा पट्टा त्याच मापाचा म्हणून लावू नका. मोवरचा पट्टा क्लचचंही काम करतो, सारखा ढिला आणि ताठ होतो, म्हणून त्याच्या आतली दोरी वेगळ्या, चिवट धाग्याची असते. साधा पट्टा दिसायला तसाच, टिकायला महिनाभरही नाही.

पट्टाही बरा असेल आणि मशीन गार असताना चढत असेल, अर्ध्या तासाने मात्र चढत नसेल, तर हायड्रोचं तेल तापून पातळ होतंय. त्याच्यावरचा छोटा पंखा आणि पंख्याखालची जागा गवताने गच्च भरलेली असते, ती आधी ब्रशने मोकळी करा. तरीही तसंच असेल तर तो गिअरबॉक्स उतारासाठी हलका आहे. स्वस्त मशीनमध्ये तो सीलबंद असतो, तेल बदलायची सोयच नसते. त्यावर पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

चाकं जागेवर घसरत असतील तर हवा मोजा. या टायरना पुढे साधारण १४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास हवा लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आपण पंपावर नेतो, पोरगा सवयीने तीस मारून देतो. टायर दगड होतो, जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद होतो, पकड जाते. दोन मागच्या टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल तर डेकही (ब्लेडवरचं लोखंडी झाकण) तिरका होतो आणि एका बाजूने गवत मुळासकट खरवडलं जातं. लोक ब्लेडला दोष देतात. डेक बघायचाच असेल तर हवा बरोबर केल्यानंतर बघा. पुढची कड मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली हवी आणि डावी-उजवी सारखी.

मागे गवताची पिशवी लावत असाल तर उतारावर काढून ठेवा. ओलं गवत भरलेली पिशवी मागच्या एक्सलच्याही मागे लटकते आणि चढताना पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग फिरवलं तरी मशीन सरळच जातंय असं वाटलं, तर तिथेच थांबायचं.

उतार मोजा

हे न करता कुणी मला मशीनचं नाव विचारलं तर मी उत्तर देत नाही.

बहुतेक राइड-ऑन मोवरना कंपनी १५ अंशांची मर्यादा देते, काहींना १० अंशांची. गवंड्याकडून पाणसळ आणि मीटरभर सरळ पट्टी मागून घ्या. पट्टीचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला, आणि त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहिलं ते मोजा. १८ सेंटीमीटर म्हणजे १० अंश. २७ सेंटीमीटर म्हणजे १५ अंश. त्याच्या वर गेलात तर तिथे बसून गवत कापायचा विचार सोडा, ३६ म्हणजे तर २० अंश झाले. मोबाइलवरचं ॲप वापरायचं तर मोबाइल गवतावर ठेवू नका, लांब फळीवर ठेवा. मोजायचं सगळ्यात वाईट जागी, सरासरी काढायची नाही. मशीन उलटतं ते त्या एका जागी.

टक्के आणि अंश यांची गल्लत दुकानात हमखास होते. ३० टक्के उतार म्हणजे साधारण १७ अंश. ३० अंश म्हणजे ५८ टक्के. "तीसपर्यंत चालतं साहेब," असं कुणी म्हणालं तर तीस काय, हे माहितीपत्रकात छापलेलं दाखवायला सांगा.

आणि ही मर्यादा कोरड्या, घट्ट जमिनीची. आपल्याकडे गवत सगळ्यात जोरात वाढतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे उतार सगळ्यात निसरडा असतो तेव्हा. जावळी, महाबळेश्वरकडची तांबडी माती पाणी पिऊन मऊ पडते, वरचं गवत मुळांसकट चादरीसारखं सरकतं. त्या दोन महिन्यांत डेक तीन इंचांवर ठेवा, उघडीप मिळून जमीन वाळल्याशिवाय उतारावर मशीन घालू नका, आणि गवत वाढलंच तर एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. दोन वेळा कापून उरकेल.

एक जुनी चाचणी अनेक मॅन्युअलमध्ये दिलेली असते: जो उतार मशीनला रिव्हर्समध्ये चढता येत नाही, तो उतार त्या मशीनने कापू नये. तिच्यामागे हिशेब आहे. ओढणारी चाकं मागची. सरळ तोंडाने चढताना भार मागे येतो, चाकांना पकड मिळते, म्हणून मशीन चढून जातं आणि आपल्याला वाटतं जमलं. उतरताना भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेकही मागच्याच चाकांवर असतो. रिव्हर्समध्ये चढवताना भार नेमका तसाच पडतो. म्हणजे उतरताना काय होणार, ते चढतानाच कळतं. चाचणी ब्लेड बंद ठेवून, कोरड्या दिवशी, खाली भरपूर सपाट जागा असेल तिथेच करा. उतार कापताना मात्र राइड-ऑन नेहमी सरळ वर आणि सरळ खाली चालवायचं, आडवं नाही. चालत ढकलायच्या मोवरचं उलटं: तो आडवा चालवायचा, म्हणजे पाय घसरला तरी ब्लेड पायावर येत नाही.

नवंच घ्यायचं तर

दुकानात पहिली बढाई एचपीची असते. तिच्याकडे दुर्लक्ष करा. मशीन आणि माणूस मिळून तीनशे किलो धरले, तर १५ अंशांवर ताशी ४ किलोमीटरने चढायला लागतात जेमतेम एक-सव्वा एचपी. बाकीची ताकद ब्लेडसाठी आणि घर्षणात जाते. पाचगणीसारख्या सुमारे १३०० मीटरच्या जागी विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद बारा-तेरा टक्के कमी होते, १७ एचपीचं १५ होतं, तरीही चढण्यासाठी ते रग्गड. उतारावर अडतं ते पकडीवर, गिअरबॉक्सवर आणि वजन कुठे आहे यावर.

जागा किती, हा हिशेब गुंठ्यांत करा. २१ इंची, स्वतः चालणारा, मागून धरायचा मोवर तासाला कागदावर पंधरा-सतरा गुंठे कापतो. झाडं, वळणं, ओलं गवत धरून निम्मं समजा. म्हणजे पंधरा गुंठ्यांचं लॉन दोन तासांचं काम झालं. त्यासाठी बसायचं मशीन घेणं ही हौस आहे. हौसेला ना नाही, पण मग उताराची तक्रार करू नका. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या पुढे बसायचं मशीन खरंच उपयोगी पडतं.

फाटक आणि टप्प्यांमधली वाट मोजा. ४२ इंची डेक म्हणजे १०७ सेंटीमीटर, त्यात गवत बाहेर फेकणारा पन्हाळा धरला की आणखी वीतभर. आपल्या बंगल्यांची बाजूची फाटकं साडेतीन फुटांची, म्हणजे तेवढ्याच १०७ सेंटीमीटरची. दुकानातून आलेलं मशीन फाटकातच अडकतं. वळण तपासायला फक्की घ्या. माळी रोप लावताना आळं आखतो तसं सपाट टोकाला चार मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. ट्रॅक्टरसारख्या मोवरला एका दमात वळायला साधारण एवढी जागा लागते. नसेल तर प्रत्येक फेरीला पुढे-मागे करावं लागेल, आणि ते उतारावर करावं लागत असेल तर तो मोवर तुमच्यासाठी नाही.

अडचणीच्या जागेला झीरो टर्न घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. जागेवर गरकन फिरतो, हे खरं. पण त्याची पुढची चाकं मॉलमधल्या ट्रॉलीसारखी नुसती लोंबती असतात, ती वळवतही नाहीत आणि थांबवतही नाहीत. वळणं, थांबणं सगळं मागच्या दोन चाकांवर. ओल्या उतारावर ती सुटली की स्टेअरिंग आणि ब्रेक एकाच वेळी जातात, मशीन स्वतःच तोंड खाली करून सुटतं. खाली गडगा असलेल्या टप्प्यावर मी तो कुणाला घेऊ देत नाही, मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असो. पूर्ण सपाट टप्पे असतील आणि त्यांना जोडणारी पक्की वाट असेल, तर मात्र त्याच्याइतकं झटपट काम दुसरं कुणी करत नाही.

छोट्या, मध्यम उताराच्या आवाराला दोन प्रकार लागू पडतात. एक, ३० इंची डेकचं, मागे इंजिन असलेलं छोटं मशीन. बुटकं, अरुंद, इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवर. चढताना याचं पुढचं हलकं होतं हे ध्यानात ठेवा. दुसरा प्रकार म्हणजे मध्ये वळणारं, डेक पुढे असलेलं मशीन. स्वीडनच्या हुस्क्वार्नाची रायडर मालिका या जातीची. यात मागचा अर्धा भाग वळतो, डेक डोळ्यांसमोर राहतो, झुडपाखाली आणि गडग्याच्या कडेला घालता येतो. चारही चाकांना ताकद देणारे नमुनेही आहेत आणि उतारासाठी माझी पसंती त्यांनाच. किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते, तेवढं सोडलं तर.

बॅटरीवरच्या मशीनला पेट्रोल तुटणं, ऑइल एका बाजूला जाणं ही भानगड नाही. पकडीचे नियम मात्र त्यालाही तेच, आणि चढावर चार्ज लवकर संपतो. पावसाळ्यात लाइट किती वेळ असते ते ज्याचं त्याने पाहावं.

पंधरा अंशांच्या वरच्या पट्ट्याला कोणतंच बसायचं मशीन घालू नका. तिथे ब्रश कटर चालवा. त्याहून बरं म्हणजे तिथलं लॉनच काढून टाका आणि वाळा किंवा गवती चहा लावा. वाळ्याची मुळं खोल जातात, माती धरतात, आणि वर्षातून एखादी छाटणी पुरते. तालीच्या काठापासूनही मशीनच्या दुप्पट रुंदीचं अंतर सोडायचं. पावसात काठाची माती आतून सुटलेली असते आणि वरून गवत हिरवंगार दिसतं.

पैसे देण्याआधी मशीन आपल्या आवारात आणून चालवायला सांगा, दुकानासमोरच्या डांबरावर नाही. उतारावर अर्ध्यात थांबवा, ब्रेक लावा, पुन्हा चालू करून चढवा. अर्धा तास सलग चालवून शेवटी पुन्हा तोच चढ घ्या, हायड्रो कसं आहे ते तेव्हा कळतं. रोज जो माणूस चालवणार आहे त्याला बसवा. सौदा ठरला तर सगळ्या पट्ट्यांचे नंबर लिहून घ्या आणि प्रत्येकी एक जादा पट्टा त्याच बिलात टाकायला सांगा. पोवई नाक्यावर ट्रॅक्टरचा पट्टा तासाभरात मिळतो. याचा मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत लॉनचं कुरण झालेलं असतं.